तरंगता टेकू ढळला तर

ध्रुवांवरचा बर्फ वितळला की समुद्र चढणार, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. पण कोणता बर्फ, हे सहसा कोणी विचारत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. उत्तर ध्रुवाभोवती समुद्राचेच पाणी गोठून झालेला बर्फ असतो. तो फार तर काही मीटर जाडीचा असतो, हिवाळ्यात पसरतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवर हजारो वर्षांच्या हिमवर्षावातून साठत गेलेले हिमस्तर आहेत. त्यांची जाडी किलोमीटरमध्ये मोजावी लागते. तिसरा प्रकार या दोहोंच्या मधला. जमिनीवरचा बर्फ आपल्याच वजनाने हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो, समुद्रात उतरतो आणि तळ सोडून तरंगू लागतो. तिथे शेकडो मीटर जाडीचे सपाट पठार तयार होते. त्याला आइस शेल्फ म्हणतात. अंटार्क्टिकाचा जवळपास तीन चतुर्थांश किनारा अशा शेल्फनी वेढलेला आहे. त्यांतले सर्वांत मोठे रॉस आइस शेल्फ जवळपास फ्रान्स देशाएवढे आहे.

गेल्या तीस वर्षांत यांतली काही शेल्फ फुटली, अनेक पातळ झाली. त्यामुळे समुद्र किती आणि किती लवकर चढेल, याबद्दल आजवरच्या अभ्यासातून काय हाती आले आहे, एकमत कुठे आहे, वाद कुठे आहे आणि आपल्या किनाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध आहे, ते इथे एकत्र मांडायचे आहे.

तरंगणाऱ्या बर्फाचे गणित

पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगत असेल, तर तो वितळल्यावर पाणी सांडत नाही. खड्याने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. आइस शेल्फ तरंगतच असल्यामुळे हाच नियम त्यांनाही लागू पडतो. फरक एवढाच की शेल्फचा बर्फ गोडा आणि समुद्राचे पाणी खारे, म्हणजे किंचित जड. त्यामुळे वितळल्यावर थोडी भर पडते, पण ती अगदी किरकोळ असते. जगातला सगळा तरंगता बर्फ वितळला तरी पातळी साधारण ४ सेंटिमीटरने चढेल.

जमिनीवरच्या बर्फाचा हिशेब याच्याशेजारी ठेवून पाहावा. ग्रीनलँडचा हिमस्तर पूर्ण वितळला तर जगभरचा समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. अंटार्क्टिकाचा वितळला तर सुमारे ५८ मीटर. हे काही शतकांत होणारे नाही, पूर्व अंटार्क्टिकाच्या बाबतीत तर हजारो वर्षे लागतील. पण साठा केवढा आहे ते यावरून कळते. या साठ्यातला साधारण ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की जगाची पातळी एक मिलिमीटर चढते.

मग ज्यांच्या वितळण्याने समुद्र जेमतेम चढतो, त्या आइस शेल्फची एवढी काळजी कशासाठी? याचे उत्तर त्यांच्या कामात आहे. शेल्फ बहुधा आखातात अडकलेले असते. दोन्ही बाजूंना खडक, मध्ये कुठे कुठे समुद्रतळाचे उंचवटे. या सगळ्याशी घासत, रेटत ते उभे असते आणि मागून येणाऱ्या हिमनदीला थोपवून धरते. गडाच्या तटाला बाहेरून धीर देणारी भिंत असते, तसे शेल्फ हा जमिनीवरच्या बर्फाचा टेकू आहे. टेकू पडल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच्यावर रेललेले ढळू लागते तेव्हा.

लार्सन बी: पस्तीस दिवसांचा धडा

ही गोष्ट बराच काळ कागदावरची होती. ती डोळ्यांदेखत सिद्ध झाली २००२ साली.

अंटार्क्टिकाचा द्वीपकल्पीय भाग दक्षिण अमेरिकेच्या दिशेने बोटासारखा पुढे आलेला आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर लार्सन नावाच्या शेल्फची ओळ होती. उत्तरेकडचे लार्सन ए १९९५च्या जानेवारीत फुटले. त्याच्या दक्षिणेला लार्सन बी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागाचे तापमान जवळपास अडीच-तीन अंशांनी वाढले होते, आणि उन्हाळ्यात लार्सन बीच्या पृष्ठभागावर निळ्या पाण्याची शेकडो तळी साचू लागली होती. २००२च्या जानेवारीअखेरीस उपग्रहाच्या चित्रांत ती तळी दिसत होती. मग ती नाहीशी झाली. पाणी वर वाहून गेले नव्हते, ते भेगांत उतरले होते. पाणी बर्फापेक्षा जड असते. भेगेत भरलेले पाणी आपल्या वजनाने भेग खाली खाली फाडत जाते आणि अखेर शेल्फ आरपार चिरते. फेब्रुवारी संपून मार्च उजाडेपर्यंत सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचे, सव्वादोनशे मीटर जाडीचे ते पठार तुटून त्याच्या चिंधड्या झाल्या होत्या. साऱ्याला लागले सुमारे ३५ दिवस. त्याच्याखालच्या गाळाचा नंतर अभ्यास झाला तेव्हा कळले, की गेल्या हिमयुगानंतरची किमान दहा हजार वर्षे ते शेल्फ अखंड होते.

खरा धडा मात्र यापुढचा आहे. लार्सन बीच्या मागे हेक्टोरिया, ग्रीन, इव्हान्स, क्रेन अशा हिमनद्या होत्या. शेल्फ गेल्यावर त्यांतल्या काहींचा वेग पूर्वीच्या आठपटीपर्यंत गेला. त्यांच्या शेजारच्या फ्लास्क आणि लेपर्ड या हिमनद्यांसमोर मात्र शेल्फचा एक तुकडा शिल्लक होता. तिथले हवामान तेच होते, समुद्रही तोच होता, आणि तरीही या दोघींचा वेग वाढला नाही. निसर्गाने जणू प्रयोगशाळेतला प्रयोग मांडावा तशी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी उभी राहिली. टेकू असलेली हिमनदी आणि टेकू गेलेली हिमनदी यांतला फरक मोजता आला. त्यानंतर या मूळ मुद्द्यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद उरलेला नाही.

त्या आखाताने पुढे याचीच उजळणी करून दाखवली. २०११पासून तिथे किनाऱ्याला चिकटलेला समुद्रबर्फ वर्षानुवर्षे टिकून राहिला होता, आणि मागच्या हिमनद्या थोड्या सावरल्या होत्या. २०२२च्या जानेवारीत तो बर्फ फुटून गेला. हेक्टोरिया हिमनदी पुन्हा झपाट्याने मागे हटली.

वरून तळी, खालून कोमट पाणी

शेल्फवर घाला दोन बाजूंनी येतो. वरची बाजू लार्सन बीने दाखवली. उबदार हवेने पृष्ठभाग वितळतो, पाणी साचते आणि भेगा रुंदावतात. आजवर हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडच्या द्वीपकल्पात दिसला. पण २०२२च्या मार्चमध्ये पूर्व अंटार्क्टिकावर उष्णतेची एक विलक्षण लाट आली. पठाराच्या माथ्यावरच्या काँकॉर्डिया केंद्रात तापमान सरासरीपेक्षा जवळपास ३८ अंशांनी वर गेले. त्याच दिवसांत किनाऱ्यावरचे सुमारे १,२०० चौरस किलोमीटरचे काँगर आइस शेल्फ कोसळले. ते काही वर्षे आधीपासूनच खिळखिळे होत होते, त्यामुळे सारा दोष त्या लाटेचा नाही. पण पूर्व अंटार्क्टिका म्हणजे कधीच न हलणारा गोठलेला कोपरा, हा समज मात्र त्याने मोडला.

खालची बाजू डोळ्यांना दिसत नाही, आणि आज तीच अधिक चिंतेची आहे. अंटार्क्टिकाभोवती खोल समुद्रात एक तुलनेने उबदार प्रवाह फिरत असतो. उबदार म्हणजे शून्याच्या वर एखादा अंश. आपल्याला हे पाणी हाडे गोठवणारे वाटेल. पण खारे पाणी उणे दोन अंशांच्या आसपास गोठते, आणि खोलीवरच्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू आणखी खाली जातो. त्या मानाने हे पाणी तीन अंशांहून गरम ठरते. वाऱ्यांची दिशा आणि जोर बदलला की ते खंडाच्या उथळ कडेवर चढते, समुद्रतळावरच्या जुन्या घळींतून आत शिरते आणि शेल्फला तळातून खाऊ लागते. २०१३ साली झालेल्या एका मोठ्या मोजणीत असे दिसले, की हिमनग तुटून शेल्फ जेवढा बर्फ गमावतात, त्याहून अधिक तळच्या वितळण्याने गमावतात. त्यातही रॉस, फिल्शनर आणि रोन या तीन अजस्र शेल्फचा वाटा अगदी कमी. बहुतेक वितळणे पश्चिम अंटार्क्टिकाच्या अमुंडसेन समुद्राभोवतीच्या आणि इतर काही लहान शेल्फखाली होते. उपग्रहांच्या नोंदींवरून पुढे झालेल्या अभ्यासाने १९९७ ते २०२१ या काळात १६२ पैकी ७१ शेल्फचे वस्तुमान घटल्याचे दाखवले.

इथे एक गफलत टाळायला हवी. मोठा हिमनग सुटला की बातमी होते. २०१७ साली लार्सन सीपासून सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा ए-६८ हा हिमनग सुटला, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. पण हिमनग सुटणे हा शेल्फच्या नेहमीच्या व्यवहाराचा भाग आहे. मागून आलेला बर्फ पुढून तुटतो, तोल राहतो. काळजीची खूण वेगळी आहे. तुटणे येण्यापेक्षा जास्त होऊ लागते, शेल्फ वर्षानुवर्षे पातळ होते आणि ज्या उंचवट्यांवर ते टेकलेले असते ते सुटू लागतात, ती ही खूण.

पश्चिम अंटार्क्टिकाचा उलटा उतार

पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर ज्या जमिनीवर बसला आहे, ती बऱ्याच भागात समुद्रसपाटीच्या खूप खाली आहे. शिवाय तिचा उतार उलटा आहे. किनाऱ्याकडून आत जावे तसा तळ अधिक खोल होत जातो. बर्फ जिथे तळ सोडून तरंगू लागतो, त्या रेषेला ग्राउंडिंग लाइन म्हणतात. ही रेषा एकदा मागे सरकू लागली, की ती अधिक खोल तळावर, म्हणजे अधिक जाड बर्फापाशी पोचते. बर्फ जितका जाड, तितका तो वेगाने बाहेर वाहतो. मग रेषा आणखी मागे जाते. अमेरिकी शास्त्रज्ञ वीर्टमन यांनी १९७४ साली या अस्थिरतेचे गणित मांडले.

त्यानंतर चार वर्षांनी, १९७८ साली, ओहायो स्टेट विद्यापीठातले हिमशास्त्रज्ञ जॉन मर्सर यांनी 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला. हवेतला कार्बन डायऑक्साइड असाच वाढत राहिला तर पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर धोक्यात येईल, असे त्यांनी म्हटले. धोक्याची पहिली खूण कोणती असेल हेही त्यांनी सांगून ठेवले होते. द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांवरची आइस शेल्फ फुटू लागतील, आधी उत्तरेकडची आणि मग क्रमाने दक्षिणेकडची. तेव्हा अनेकांना हे भडक वाटले. सतरा वर्षांनी लार्सन ए गेले, त्यानंतर सात वर्षांनी लार्सन बी. क्रम मर्सर यांनी सांगितला तोच होता.

थ्वेट्स: एका हिमनदीची तपासणी

या साऱ्या भीतीचे एक ठिकाण आहे. अमुंडसेन समुद्राला मिळणारी थ्वेट्स ही हिमनदी सुमारे १२० किलोमीटर रुंद आहे, आणि तिचे क्षेत्रफळ जवळपास ग्रेट ब्रिटनएवढे. आज जगाचा समुद्र जेवढा चढतो आहे, त्यातला सुमारे चार टक्के वाटा एकट्या थ्वेट्सचा आहे. ती पूर्ण गेली तर पातळीत सुमारे ६५ सेंटिमीटरची भर पडेल. तिच्यामागच्या बर्फाला ती अडवून आहे, त्यामुळे तिच्या जाण्याचे परिणाम तिच्यापुरते राहणार नाहीत.

२०१८ साली ब्रिटन आणि अमेरिका यांनी मिळून थ्वेट्सच्या अभ्यासाची एक मोठी मोहीम सुरू केली. तिथे पोचणेच अवघड. जवळचे संशोधन केंद्र दीड हजारांहून अधिक किलोमीटर दूर, आणि अंटार्क्टिकाच्या मानानेही हवामान वाईट. २०२०च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी तिथल्या शेल्फमध्ये गरम पाण्याच्या झोताने सुमारे ६०० मीटर खोल भोक पाडले. त्यातून आइसफिन नावाचा पाणतीरासारखा लांबट रोबो खाली सोडला, आणि माणसाने पहिल्यांदा थ्वेट्सची ग्राउंडिंग लाइन जवळून पाहिली.

जे दिसले ते अपेक्षेहून गुंतागुंतीचे होते. शेल्फचा तळ जिथे सपाट होता, तिथे वितळण्याचा वेग संगणकीय प्रतिकृतींच्या अंदाजापेक्षा कमी निघाला. वितळलेल्या गोड्या पाण्याचा पातळ थर बर्फाला चिकटून राहतो आणि खालच्या कोमट पाण्यापासून त्याचे काहीसे रक्षण करतो. पण तळाला सगळीकडे सपाटी नव्हती. तिथे जिन्याच्या पायऱ्यांसारखे कडे होते, खोल भेगा होत्या. त्या उभ्या भिंतींवर वितळणे कितीतरी वेगाने चालले होते. बर्फ खालून सारखा झिजत नव्हता, भेगांमधून पोखरला जात होता. आणि वितळण्याचा सरासरी वेग कमी असूनही ग्राउंडिंग लाइन १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून सुमारे १४ किलोमीटर मागे गेली आहे. म्हणजे या व्यवस्थेचा तोल ढळायला फार मोठा धक्का लागत नाही.

ऑक्टोपसची साक्ष

असे यापूर्वी कधी झाले आहे का? साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वी, शेवटच्या दोन हिमयुगांमधल्या उबदार काळात, पृथ्वीचे तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तापमानापेक्षा अर्धा ते दीड अंश जास्त होते. आज आपण त्याच पट्ट्यात येऊन पोचलो आहोत. त्या काळी समुद्र आजच्यापेक्षा ५ ते १० मीटर उंच होता. एवढे पाणी केवळ ग्रीनलँडमधून येणे कठीण, म्हणून संशय पश्चिम अंटार्क्टिकावर होता.

२०२३ साली याचा पुरावा एका अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावर टर्केट्स नावाचा एक लहानसा ऑक्टोपस राहतो. वेडेल समुद्र आणि रॉस समुद्र यांच्यामध्ये आज पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर आडवा आहे, तरीही दोन्हीकडच्या ऑक्टोपसांच्या जनुकांत त्या जुन्या उबदार काळातल्या थेट संकराच्या खुणा सापडल्या. मधला बर्फ तेव्हा नाहीसा होऊन तिथे समुद्राची वाट खुली झाली असेल, तरच हे शक्य आहे. तो बर्फ नेमक्या किती शतकांत गेला, हे जनुके सांगत नाहीत. पण आजच्याएवढ्याच उबेत तो जाऊ शकतो, एवढे त्यांतून निघते.

वाद नेमका कुठे आहे

समुद्र चढतो आहे, शेल्फ पातळ होत आहेत आणि टेकू गेला की हिमनदी वेगाने वाहते, या गोष्टींवर वाद नाही. वाद आहे तो वेगाचा.

२०१६ साली डीकाँटो आणि पोलार्ड या शास्त्रज्ञांनी एक नवी शक्यता मांडली. शेल्फ गेल्यावर समुद्राकाठी बर्फाचा उघडा कडा राहतो. तो पाण्यावर साधारण शंभर मीटरहून उंच असेल तर स्वतःच्या वजनाने कोसळेल. त्याच्यामागे आणखी उंच कडा उघडा पडेल, तोही कोसळेल आणि ही साखळी थांबणार नाही. हे गृहीत धरले तर उत्सर्जन बेसुमार राहिल्यास एकट्या अंटार्क्टिकामुळे २१०० पर्यंत एक मीटरहून अधिक वाढ होऊ शकते, असे त्यांचे गणित सांगत होते. त्यावर बरेच आक्षेप आले. खुद्द त्यांनी पुढच्या अभ्यासात आकडे खाली आणले. २०२४ साली मॉर्लिघेम यांच्या गटाने दाखवले, की थ्वेट्सचे शेल्फ आज अचानक नाहीसे झाले तरी अशी साखळी या शतकात सुरू होण्याची शक्यता कमी आहे. पण हेच संशोधक सांगतात, की इतर मार्गांनी थ्वेट्सची माघार चालूच राहील.

दुसरा मुद्दा हिमवृष्टीचा. हवा उबदार झाली की तिच्यात बाष्प अधिक मावते, आणि अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात बर्फ अधिक पडू शकतो. २०२१ ते २०२३ या काळात असेच झाले, आणि उपग्रहांच्या मोजणीत अंटार्क्टिकाचे एकूण वस्तुमान काही काळ वाढलेले दिसले. ते पाहून धोका टळला असे म्हणणारेही निघाले. पण दोन-तीन वर्षांच्या जास्त हिमवृष्टीने अमुंडसेन समुद्राचे कोमट पाणी थंड होत नाही. २००२पासूनचा कल पाहिला तर अंटार्क्टिका वर्षाला सरासरी सव्वाशे ते दीडशे अब्ज टन बर्फ गमावत आला आहे, आणि ग्रीनलँड त्याच्या जवळपास दुप्पट.

ग्रीनलँडबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तिथे आइस शेल्फ थोडी आहेत आणि पृष्ठभागावरचे वितळणे हेच मोठे कारण आहे. तरी टेकूचा नियम तिथेही दिसला. याकोब्सहावन हिमनदीची तरंगती जीभ २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तुटून गेली, आणि तिचा वेग जवळपास दुप्पट झाला.

आकड्यांचा जमाखर्च

१९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत हा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ झाला. यात पाणी तापून फुगल्याचा वाटा मोठा आहे, आणि डोंगरांतल्या हिमनद्यांचाही. ध्रुवीय हिमस्तरांचा वाटा १९९०च्या दशकात लहान होता, आता तो झपाट्याने वाढतो आहे. १९९२ ते २०२० या काळात ग्रीनलँड आणि अंटार्क्टिका यांनी मिळून समुद्रात साधारण २१ मिलिमीटरची भर घातली.

पुढच्या काळासाठी हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २०२१च्या अहवालात पट्टे दिले आहेत. उत्सर्जन झपाट्याने कमी केले तर २१०० पर्यंत वाढ २८ ते ५५ सेंटिमीटर. बेसुमार चालू ठेवले तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर. याखेरीज अहवालात एक इशारा आहे, तो नजरेतून निसटू नये. हिमस्तरांच्या ज्या प्रक्रिया नीट कळलेल्या नाहीत त्या प्रतिकूल निघाल्या, तर २१०० पर्यंत वाढ दोन मीटरच्या जवळ जाऊ शकते. याची शक्यता कमी आहे, पण ती नाकारता येत नाही. या इशाऱ्याचे मूळ आइस शेल्फच्या भवितव्यात आहे.

आपला किनारा

अंटार्क्टिका आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर आहे, पण भौतिकशास्त्रात हे अंतर आपल्या बाजूचे नाही. एवढ्या प्रचंड हिमस्तराचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण असते. ते भोवतीचे समुद्राचे पाणी आपल्याकडे ओढून धरते. बर्फ कमी झाला की ही ओढ सैल होते आणि ते पाणी दूरच्या समुद्रांकडे सरकते. त्यामुळे अंटार्क्टिका वितळला तर खुद्द त्याच्या किनाऱ्याजवळ पातळी उतरते, आणि उत्तर गोलार्धात ती जागतिक सरासरीहून जास्त चढते.

या खंडाशी आपला संबंध जुना आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली १९८१च्या डिसेंबरात गोव्यातून निघाली. १९८३-८४ मध्ये उभारलेले आपले पहिले केंद्र, दक्षिण गंगोत्री, एका आइस शेल्फवरच होते. ते हळूहळू हिमात गाडले जाऊ लागले, आणि १९९० साली ते सोडून द्यावे लागले. त्यानंतरची मैत्री आणि भारती ही केंद्रे खडकाळ जमिनीवर बांधली. या साऱ्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आज वास्को द गामा इथे आहे.

मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८पासून होत आली आहे. इतकी जुनी नोंद आशियात फार थोड्या ठिकाणी मिळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२०च्या अहवालानुसार, उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर वेगाने चढली. १९९३ नंतर हा वेग ३.३ झाला. आजवरच्या या वाढीत पाणी तापण्याचा वाटा मोठा आहे. ध्रुवीय बर्फाची भर यापुढे वाढत जाणार आहे.

वर्षाला तीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण समुद्र किनाऱ्यावर येतो तो सरासरीने येत नाही, उधाणाच्या भरतीला येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरती चालू असल्यामुळे शहरातले पाणी बाहेर जाऊ शकले नाही. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत, म्हणूनच हाजी अली, इर्ला, ब्रिटानिया इथे पंप बसवावे लागले. समुद्र अर्धा मीटर वर आला, तर आज वर्षातून मोजके दिवस येणारी धोक्याची भरती नेहमीची होईल.

रायगडच्या खारेपाटात शेती उभी आहे ती बांधांवर आणि उघाड्यांवर. ओहोटीला उघाडीतून शेतातले पाणी बाहेर जाते, भरतीला झडप बंद होऊन खारे पाणी अडते. गोव्याच्या खाजन शेतीत हेच काम मानस नावाची झडप करते. ही सारी रचना ओहोटीच्या पातळीवर बेतलेली आहे. ओहोटीचे पाणीच पूर्वीइतके खाली उतरले नाही, तर शेतातले पाणी निघायला वेळ पुरणार नाही. बांध उंच करून भरती अडवता येईल, पण शेतात साचलेले पाणी त्याने बाहेर निघत नाही. आज अशा जमिनी बांध फुटून नापीक होतात तेव्हा दोष देखभालीला दिला जातो, आणि तो बऱ्याच ठिकाणी खराही असतो. पण चढता समुद्र त्या दुर्लक्षाची किंमत दरवर्षी वाढवत नेणार आहे.

ठरवायचे काय

काही शास्त्रज्ञांनी अमुंडसेन समुद्राच्या तळाशी मोठे पडदे उभारून कोमट पाणी अडवावे, असेही सुचवले आहे. जगातल्या सर्वांत दुर्गम समुद्रात हे करणे, टिकवणे आणि त्याचे परिणाम ओळखणे किती अवघड आहे हे पाहता, त्यावर भरवसा ठेवून आज काहीही लांबणीवर टाकणे धोक्याचे आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष कडू आहे. अमुंडसेन समुद्राचे पाणी या शतकात तापत जाईलच, मग उत्सर्जन कमी करण्याचा वेग कोणताही असो. म्हणजे पश्चिम अंटार्क्टिकाच्या काही भागाबाबत वेळ बहुधा हातची गेली आहे. यातून कोणी हताश निष्कर्ष काढू नये. रॉस, फिल्शनर, रोन ही मोठी शेल्फ आणि पूर्व अंटार्क्टिकाचा अफाट साठा यांचा निकाल अजून लागलेला नाही. आयपीसीसीच्या हिशेबाने तापमानवाढ दीड अंशावर थांबली तर पुढच्या दोन हजार वर्षांत समुद्र दोन ते तीन मीटर चढेल. पाच अंशांवर गेली तर १९ ते २२ मीटर. या दोन आकड्यांतला फरक आजच्या पिढीच्या कोळसा-तेलाच्या निर्णयांवर अवलंबून आहे.

त्याचबरोबर किनाऱ्यावरची कामे आजच बदलायला हवीत. येत्या काही वर्षांत बांधला जाणारा पूल, किनारी रस्ता, बंदर, पर्जन्यवाहिनी किंवा खारबांध २१०० साली वापरात असणार आहे. त्याचा आराखडा काल मोजलेल्या भरतीवर न बेतता किमान एक मीटर वाढीवर बेतावा. ज्या प्रकल्पांना दोन मीटरचा धोका परवडणार नाही, ते पुन्हा उंच करण्याची सोय आधीच ठेवावी. तिवरांची जंगले आणि मोकळी खाजणे भराव टाकून बुजवण्याचे प्रस्ताव याच कसोटीवर तपासावेत. भरतीच्या नोंदी आणि खारबांधांची स्थिती लोकांसमोर दरवर्षी यावी.

वेगाबद्दलची अनिश्चितता पुढे करून थांबण्याचा सल्ला देणारे नेहमीच भेटतील. पण ही अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी नाही. समुद्र अंदाजापेक्षा थोडा कमी चढला, तर आपण बांध जरा जास्त उंच बांधला एवढेच होईल. अंदाजापेक्षा जास्त चढला, तर ती वाढ काही मीटरची असू शकते आणि ती परतवता येणार नाही. लार्सन बीच्या मागच्या हिमनद्यांना टेकू पुन्हा मिळालेला नाही आणि माणसाच्या हयातीत मिळणारही नाही. म्हणून जी शेल्फ आज उभी आहेत त्यांच्या रक्षणासाठी उत्सर्जन थांबवणे, आणि जी जाणार आहेत त्यांच्या परिणामांसाठी किनारा सज्ज करणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी आणि आत्ताच करावी लागतील.